बेचाळीस मैलांचा वाफारा

एल्डन राइकरने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिली कोरी गाडी घेतली, आणि तिसऱ्याच आठवड्यात बिक्सलरचं शेवटचं दुकान बंद होणार अशी बातमी पेपरात आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. एल्डनलाही तसंच वाटलं होतं. तो पेपर वाचत होता, तेही गाडीतच बसून, काचा बंद करून.

गाडी कुठे निघालेली नव्हती. घरासमोर उभी होती. सकाळचा नाश्ता झाला की एल्डन अंगणात यायचा, हळूच दार उघडून आत बसायचा, दार लावून घ्यायचा आणि नाकाने लांब श्वास घ्यायचा. कोऱ्या गाडीचा वास! नवं कापड, नवं प्लास्टिक, नवा गोंद, आणि आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही पण जे फक्त त्याच्यासाठी तयार केलेलं आहे, असं त्याला वाटायचं. अर्धा तास तो असा बसे. शेजारचा हार्लन कुंपणावरून विचारी, "काय रे, आज कुठपर्यंत गेलास?"

हार्लनला काय कळणार! एल्डनचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वासात गेलं होतं. पहिली गाडी मामाची. मामा ससे मारायला जायचा आणि कुत्री मागच्या सीटवर झोपायची. दुसरी गाडी मासेमारीसाठी गांडुळं विकणाऱ्या एका गृहस्थाची; ती पाऊस पडला की आतून जिवंत व्हायची. तिसरी घेतली ती चक्क पाद्रीबुवांकडून. या गाडीला तरी पवित्र वास असेल अशी त्याची समजूत होती. पहिल्याच रविवारी चर्चबाहेर चार जण त्या गाडीत डोकावले, आणि पाद्रीबुवा वीस वर्षं चोरून चिरूट ओढत होते हे एल्म फोर्क गावाला कळलं. पाद्रीबुवांनी त्यानंतर एल्डनशी बोलणं कमी केलं. चौथी गाडी एका विधवा बाईंची. तिच्यात डांबरगोळ्या होत्या. म्हणजे खरोखरच होत्या, सीटखाली, मोजे भरभरून. गोळ्या काढल्या; वास अकरा वर्षं राहिला.

शिवाय चौतीस वर्षं एल्डन पशुखाद्याच्या गिरणीत होता. तिथून घरी येणाऱ्या माणसाला स्वतःचा असा वास उरत नाही. तेव्हा आता, निवृत्तीनंतर, या एका गाडीत त्याने नियम केले होते. खाणं नाही. कॉफी नाही. हार्लनचा कुत्रा नाही, आणि खरं म्हणजे हार्लनही नाही. बायको ग्लेनिस बाहेर जाताना मानेला लिलीच्या फुलांचं अत्तर लावायची, तेही बंद. ती बिचारी त्या गाडीत मांडीवर हात ठेवून, परक्याच्या दिवाणखान्यात बसल्यासारखी बसायची.

"शिंक आली तर चालेल का रे?" तिने एकदा विचारलं.

"काच खाली करून," एल्डन म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

तर पेपर वाचून होतो न होतो तोच मार्व्हाचा फोन आला. मार्व्हा त्याची मोठी बहीण, बारा वर्षांनी मोठी, एकोणऐंशीची. मोज्यांच्या कारखान्यात मुकादम होती आणि घरी फोनवरही मुकादमच असायची.

"एल्डन, वाचलंस का?"

"वाचलं."

"मग कधी जातोयस?"

"कुठे?"

"चंद्रावर! कुठे म्हणजे काय? बिक्सलरमध्ये. शनिवारी शेवटचा दिवस आहे, आणि रविवारी दुपारी माझं विमान आहे. टुसानला रॉडनीच्या घरी म्हणे सगळे पाला खातात. सूनबाई त्याचा रसही काढते. तिथे मला मरेपर्यंत राहायचंय. जाण्याआधी मला बिक्सलरची एक पिशवी पाहिजे. डझनभर. कांदा जास्त सांग."

मार्व्हाचे गुडघे गेले होते, घर विकलं होतं, आणि मुलाने, रॉडनीने, तिला दूर टुसानला आपल्याकडे बोलावून घेतलं होतं. हे सगळं एल्डनला महिनाभर माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रविवार दुपार वेगळी.

"मार्व्हा, गाडी नवी आहे गं."

"मग बरंच झालं. बंद पडणार नाही."

तिने फोन ठेवला.

आता बिक्सलर म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. एके काळी पाच तालुक्यांत मिळून त्यांची बर्गरची एकोणीस दुकानं होती. दुकान म्हणजे एक खिडकी आणि एक तवा. बसायला खुर्ची नाही. खिम्याचा लिंबाएवढा गोळा तव्यावर टाकायचा, त्यावर कागदासारखा पातळ चिरलेला कांदा मूठभर, आणि उलथन्याने असा दाबायचा की कांदा मांसात जाऊन बसला पाहिजे. वर चीज, वर पाव. आणि ते सगळं नारिंगी पट्ट्यांच्या कागदी पिशवीत. पिशवीचं तोंड दोनदा दुमडायचं. दोनदाच का, ते विचारू नये. राइकरांचे वडील दर शनिवारी कॉर्विलला गुरांच्या बाजारात जायचे, पोरांना बरोबर न्यायचे आणि येताना पिशवी घ्यायचे. घर येईपर्यंत ती उघडायची नाही अशी त्यांची ताकीद असे. बेचाळीस मैल! मार्व्हा मोठी म्हणून पिशवी तिच्या मांडीवर, पुढे. छोटा एल्डन मागच्या सीटवरून नाक पुढे काढून बसायचा.

एल्डनने पहिल्यांदा हार्लनकडे त्याचा ट्रक मागितला. ट्रकचा गियरबॉक्स हार्लनच्या गॅरेजमध्ये जमिनीवर, वर्तमानपत्रावर मांडलेला होता.

"नवी गाडी आहे ना तुझी?" हार्लन म्हणाला. "का? ती फक्त श्वास घ्यायलाच आहे?"

डिकीत ठेवावी तर डिकीची हवा मागच्या सीटमधून आत येते. एल्डनने त्यासाठी डिकीत डोकं घालून, ग्लेनिसला पुढे बसवून आणि मोठ्याने ओरडून प्रयोग केला होता. शेवटी त्याने सहलीची बर्फाची निळी पेटी काढली, आणि शुक्रवारी सकाळी ती गाडीच्या टपावर चार पट्ट्यांनी आवळून बांधली. खाली जुनी गोधडी घातली, रंगाला चरा पडू नये म्हणून. ग्लेनिस दारात उभी राहून पाहत होती.

"शवपेटी लहान पडेल हं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"बघू आता."

रस्त्यात रेडिओवर लोकांना त्यांचा आवडता वास विचारत होते. पहिली बाई म्हणाली, बिक्सलरचा कांदा. दुसरा म्हणाला, बिक्सलरचा कांदा, वडिलांच्या कोटाला लागलेला. तिसऱ्या बाई तर रडायलाच लागल्या. "कोरी गाडी!" एल्डन रेडिओवर ओरडला. "एकालाही कोरी गाडी आठवू नये?" चौथ्याने सुरुवात केली, "मी लहान असताना कॉर्विलला..." एल्डनने रेडिओ बंद केला.

कॉर्विलला रांग खिडकीपासून सुरू होऊन बँकेला वळसा घालून गेली होती. मार्च महिना, वारा कानात शिरत होता. रांगेतला जो तो आपण किती लांबून आलो ते सांगत होता, आणि प्रत्येक वेळी सांगताना अंतर वाढत होतं. दीड तासाने एल्डन खिडकीशी पोचला. आत डॉटी होती. ती तिथे किती वर्षं होती हे तिलाही सांगता आलं नसतं.

"काय देऊ राजा?"

"बारा. कांदा जास्त. आणि एक सुटा, इथे खायला."

"इथे?" डॉटीने चमकून पाहिलं. "वाऱ्यात?"

एल्डनने तो वाऱ्यात, गाडीपासून वीस पावलं दूर उभा राहून खाल्ला. ठीक लागला. फार काही नाही, पण वय झालं की जिभेला असं होतं, असं त्याने स्वतःला समजावलं. मग त्याने पिशवी जाड रुपेरी कागदात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. आणि मग, सबंध रांगेच्या डोळ्यांदेखत, अंगातला शर्ट काढून दुसऱ्या एका पिशवीत कोंबला, तीही पेटीत टाकली, झाकणावरून चिकटपट्टी फिरवली आणि घरून आणलेला धुतलेला शर्ट चढवला. मार्चच्या वाऱ्यात सदुसष्ट वर्षांचं उघडं पोट पाहून कुणीतरी शिट्टी वाजवली. डॉटी खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. टपाकडे बोट दाखवून तिने विचारलं, "तिथे नेणार?"

"हो."

"बरं बाबा. गाडी तुझी."

परतीला तो सावकाश गेला. त्याला ओलांडणारी प्रत्येक गाडी आतून धुक्याने भरलेली होती, आणि प्रत्येक धुक्यातून कुणीतरी वळून टपावरच्या पेटीकडे पाहत होतं. एल्डनने लांब श्वास घेतला. कापड, प्लास्टिक, गोंद. सगळं जागच्या जागी होतं.

मार्व्हाच्या स्वयंपाकघरात खोके रचलेले होते. ती एका खोक्यावर बसली होती आणि दुसऱ्यावर तिने टेबलासारखा रुमाल अंथरला होता. तिने पिशवी उघडली. आत हात घातला. काढला. एल्डनने पाहिलं: पाव कडक, चीज मेणासारखं, कडेला चरबीचा पांढरा थर. मार्व्हाने एक घास घेतला, सावकाश चावला, आणि उरलेला बर्गर कागदावर ठेवला.

"हे बिक्सलरचं नाही."

"म्हणजे काय? दीड तास रांगेत उभा होतो मी!"

"असशील. हे ते नाही."

"तोच तवा, तीच डॉटी, तोच कांदा! गरम करून देतो थांब."

"गरम करून काय होतं? गार झालं म्हणून नाही म्हणत मी." तिने पाव दाबून पाहिला, कापड दुकानात पोत पाहावा तसा. मग तिने मान वर केली. "आणलंस कशातून?"

एल्डन एका खोक्यावरची चिकटपट्टी नखाने दाबू लागला.

"एल्डन."

"टपावरून."

त्याला वाटलं, आता ओरडेल. लहानपणापासून ती ओरडायची, त्याला सवय होती. पण ती नुसती म्हणाली, "अरे, बिक्सलरवाले अर्धंच करायचे. उरलेलं गाडीत व्हायचं. मांडीवर पिशवी, तोंड दोनदा दुमडलेलं, काचा बंद, आणि बेचाळीस मैल तो पाव त्या कांद्याच्या वाफेत बसायचा. चीज कागदाला चिकटायचं. घरी येईपर्यंत मांडी भाजायची माझी. तुला काय माहीत, तू मागे बसून नुसता वास घ्यायचास." तिने रुमालाची घडी घातली. "जाऊ दे. आणलंस ना, झालं."

हे 'जाऊ दे' एल्डनला झोंबलं. त्यापेक्षा तिने पेटी डोक्यात घातली असती तर बरं. तो घरी आला, पेटी सोडवली, पट्टे आपटले, ग्लेनिसवर विनाकारण चिडला. टपावर गोधडीखालीच बारीक चरा पडला होता, त्यावर कारण असताना चिडला. मग गाडीत जाऊन बसला. काचा बंद केल्या, श्वास घेतला. कोऱ्या गाडीचा वास आला. त्याने आणखी एकदा घेतला. वास तसाच होता, चांगला होता, पण मधे सारखं ते 'जाऊ दे' येत होतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता त्याने मार्व्हाच्या दारात गाडी उभी केली.

"पिशवी तू पकडशील?"

"मी येते," मार्व्हा म्हणाली. कोट तिने आधीच घातलेला होता. "नाहीतर तू अर्ध्या वाटेत काच उघडशील. ओळखते मी तुला."

खोके भरायचे राहिले होते ते ग्लेनिसवर सोपवून दोघं निघाली. शेवटच्या दिवशी रांग बँकेला दोन वळसे घालून गेली होती, आणि खिडकीवर पाटी लागली होती: एका माणसाला सहाच. मार्व्हाचे गुडघे तासाभराने बोलू लागले. कुणीतरी तिला बसायला घडीची खुर्ची दिली. रांग सरकली की एल्डन उठवायचा, खुर्ची दोन पावलं पुढे ठेवायचा, तिला बसवायचा. तीन तास! मागचा माणूस म्हणाला, "राणीसाहेबांची मिरवणूक आहे का हो?" मार्व्हा म्हणाली, "हो. आणि तुम्ही शेपटाशी आहात."

डॉटीने दोघांचे मिळून बारा एकाच पिशवीत घातले, तोंड दोनदा दुमडलं, आणि एल्डनकडे पाहून विचारलं, "आज कुठे?"

"मांडीवर," एल्डन गुरगुरला.

दार लागलं आणि पहिल्या मैलातच झालं. कांदा नुसता आला नाही, तो घरचा असल्यासारखा आला आणि पसरला. आधी छताच्या कापडात गेला, मग सीटच्या शिवणीत, मग जिथून गरम हवा येते त्या जाळीत शिरून तिथून पुन्हा बाहेर आला. पाचव्या मैलाला काचा धुरकटल्या. एल्डनने बाहीने पुढची काच पुसली. दहाव्या मैलाला त्याने गोंद शोधला, प्लास्टिक शोधलं. नव्हतं. एकवीस दिवस जपलेला वास दहा मैलांत गेला होता. त्याचा हात आपोआप काचेच्या बटणाकडे गेला.

"हात काढ," मार्व्हा म्हणाली. ती समोरच पाहत होती.

"एक बोटभर फक्त."

"एक केसभरही नाही."

"अगं माझी गाडी आहे ही! सदुसष्ट वर्षांत पहिली! लोकांच्या कुत्र्यांत बसलो, गांडुळांत बसलो, पाद्र्याच्या धुरात बसलो..."

"आणि मी मोज्यांच्या कारखान्यात बेचाळीस वर्षं बसले. गप्प चालव."

त्याने चालवली. रागाने त्याचे कान लाल झाले होते. सगळ्यांवर राग होता: दुकान बंद करणाऱ्यांवर, टुसानवर, पाल्याचा रस काढणाऱ्या सूनबाईंवर, ट्रक उघडून बसलेल्या हार्लनवर. तिसाव्या मैलाला मार्व्हाने पिशवीखालचा कोट थोडा सरकवला आणि "स्स" केलं.

"भाजतंय?"

"भाजायलाच पाहिजे."

कधीतरी एल्डनच्या लक्षात आलं की आपण नाक थोडं पुढे काढून गाडी चालवतोय. त्याने ते मागे घेतलं.

स्वयंपाकघरात ग्लेनिसने खोके संपवले होते. मार्व्हाने पिशवी उघडली. पाव मऊ, ओलसर, बोटांचे ठसे उमटतील असा. चीज कागदाला चिकटलेलं, ते तिने नखाने खरवडून खाल्लं. एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा, चौथा. एल्डन समोर उभा राहून तिच्या तोंडाकडे पाहत होता, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय? आहे ना ते?"

मार्व्हाने बोटं पुसली. "कांदा जरा कमी पडला," ती म्हणाली आणि पाचवा उचलला.

रविवारी सकाळी विमानतळावर सोडायला दोन तासांचा रस्ता. मार्व्हा नवा झगा घालून, केस बसवून आली, गाडीत बसली, आणि बसल्याबसल्या नाक वाकडं केलं.

"शी! एल्डन, एवढी नवीकोरी गाडी, आणि काय वास मारतोय रे हा! सूनबाईला वाटेल मी खाणावळीत राहत होते. काच उघड."

एल्डनने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. ग्लेनिस मागच्या सीटवर इतकी हसली की तिला खोकला लागला.

विमानतळावर मार्व्हाने त्याच्या कॉलरवरची न दिसणारी धूळ झटकली, "हळू चालव," म्हणाली आणि चाकाच्या खुर्चीत बसून गेली. मागे वळून पाहिलं नाही. मुकादम पाहत नाहीत.

सोमवारपासून एल्डन कामाला लागला. सीटखाली, मागे, डिकीत, सगळीकडे खायच्या सोड्याच्या बश्या मांडल्या. कॉफीची पूड ठेवली. ग्लेनिसने सुचवलं म्हणून कोळसेही ठेवले. गाडी विकणाऱ्या माणसाला फोन करून त्याने कोऱ्या गाडीचा वास परत कसा आणायचा ते विचारलं. तो माणूस म्हणाला की त्याची बाटली मिळते, फवारायची. एल्डनने एक बाटली आणली. फवारल्यावर गाडीला कांदा लावलेल्या नव्या बुटांचा वास येऊ लागला. त्याने बाटली कचऱ्यात टाकली आणि त्या दिवशी जेवायला बसल्यावरही तो त्या बाटलीशीच भांडत होता.

मधे मार्व्हाचा फोन आला. "इथे सगळं स्वच्छ आहे," ती म्हणाली. "कशालाच वास नाही. उशीलाही नाही." मग म्हणाली, "गाडी कशी आहे?"

"घाण मारतेय अजून," एल्डन म्हणाला.

"असू दे," मार्व्हा म्हणाली आणि या वेळी तिने फोन लगेच ठेवला नाही. दोघंही काही न बोलता कानाला फोन लावून बसली. मग पलीकडून मिक्सर सुरू झाल्याचा आवाज आला. "आला माझा पाला," ती म्हणाली आणि ठेवला.

नवव्या की दहाव्या दिवशी ग्लेनिस कपडे वाळत घालायला अंगणात आली, तर गाडीची चारही दारं उघडी आणि एल्डन आत गुडघ्यांवर. तो सीटखालून एकेक बशी ओढून काढत होता आणि गवतावर ठेवत होता. सोडा त्याच्या पँटला लागला होता, कोळशाचा फराटा कपाळावर होता. शेवटची बशी काढून त्याने चारही दारं धाडधाड लावून घेतली आणि काचा नीट बंद आहेत का ते एकेक करून पाहिलं.

"काय रे, गेला का वास?" ग्लेनिसने विचारलं.

"जातोय," तो तिच्यावरच खेकसला. "रोज थोडा थोडा जातोय."